अडतीस गुरुवार

रविवार, १ जून २०२५. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

स्कूटरला किक मारत होतो. शेजारचा सदू म्हणाला, पेट्रोल ओव्हर होऊन प्लग ओला झालाय, दहा मिनिटं थांब. म्हणून थांबलो आणि रोजनिशी सुरू केली. वेळ वाया घालवायचा नाही, हा माझा पहिला नियम.

आजपासून आर्थिक शिस्त. परिस्थिती स्वच्छ अक्षरात लिहून काढली की भीती राहत नाही, असं एका व्हिडिओत सांगितलं आहे. म्हणून लिहितो.

गटाचं कर्ज (आईच्या नावावर, वापरलं मी): दर गुरुवारी ९५०, अठ्ठावीस हप्ते बाकी, २६,६००.
फोन: नऊ हप्ते, १४,९९४.
मोबाइलच्या अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज: दहा हप्ते, ११,८००.
एकूण ५३,३९४. पगार १३,५००.

लिहून काढल्यावर भीती थोडी वाढली. पण नीटनेटकी वाढली.

गट म्हणजे पालेगावातल्या बारा बायका. कर्जाला तारण काही नाही. एकीने हप्ता दिला नाही तर बाकीच्या अकरा जणींनी भरायचा, हेच तारण. त्या पैशांतून मी स्कूटर घेतली, कारण कॅम्प चारच्या कारखान्यात कामावर जायला रिक्षाचे रोज साठ रुपये लागायचे. आता पेट्रोलचे ऐंशी लागतात. पण रिक्षा माझी नव्हती. स्कूटर ही मालमत्ता आहे.

आईचं म्हणणं एकच. पन्नासपैकी अडतीस गुरुवार न चुकता भरले की गटाकडून कर्जाचा नवीन टप्पा मिळतो आणि त्यातून तिला घरघंटी घ्यायची आहे. नव्या टॉवरमध्ये ती दोन घरी स्वयंपाक करते. तिथल्या मॅडम सारख्या विचारतात, बकुळाताई, ताजं पीठ कुठे मिळेल? इथून गिरणीला जायचं तर रिक्षा करावी लागते. दाराजवळचा कोपरा तिने आतापासूनच मोकळा ठेवला आहे. मी तिथे हेल्मेट ठेवलं की ती उचलून माझ्या उशीवर ठेवते.

बावीस गुरुवार झाले, सोळा राहिले. आज पोहे देताना म्हणाली, "बाकी कुणाचं काय करायचं ते कर. माझा गुरुवार चुकवू नको."

मी सांगितलं, सोळा म्हणजे काहीच नाही.

स्कूटर अकरा पंचावन्नला चालू झाली. तोपर्यंत जायचं काम राहिलं नव्हतं.

मंगळवार, ३ जून.

वडापाव बंद. चहा दिवसातून एकच.

कारखान्यात मी जीन्सचे नग मोजतो आणि चलन लिहितो. माझ्याइतकं शुद्ध चलन पूर्ण कॅम्प चारमध्ये कुणी लिहीत नसेल. आमचा धर्मेश शेठ म्हणतो, वेलांटी राहू दे, आकडा बघ. आकडाही बरोबरच असतो. बारावीला अकाउंट्स राहिला तो तपासणाऱ्याच्या चुकीमुळे.

दुपारी शिलाईवाल्या राजेश मास्तरने अर्धा वडापाव दिला. तो खर्चात धरलेला नाही. चहा तीन. पैकी दोन शेठचे.

मंगळवार, १० जून. संध्याकाळी ८.

आज बीसी होती. भिशीला इथे सगळे बीसीच म्हणतात. जितेशच्या बटण-चेनच्या दुकानात दर महिन्याच्या दहा तारखेला आम्ही बारा जण जमतो. प्रत्येकी दीड हजार, म्हणजे अठरा हजारांचा गल्ला. ज्याला गरज असेल त्याने बोली लावायची की मी यातले इतके सोडतो. सगळ्यांत जास्त सोडेल त्याला गल्ला. सोडलेले पैसे, ज्यांनी अजून गल्ला उचललेला नाही त्यांच्यात वाटले जातात. एकदा उचलला की पुढे वाटा नाही, फक्त दीड हजार भरत राहायचे.

(बीसी ही बचत आहे, कर्ज नाही. म्हणून वरच्या यादीत धरलेली नाही.)

आज इस्त्रीवाल्याला गरज होती. तो चौदाशेवर थांबला होता. मी गंमत म्हणून पंधराशे म्हटलं. तो सोळाशे. मी सतराशे. असं करत तो साडेबावीसशेवर गेला आणि मी गप्प बसलो. नऊ जणांत वाटणी, प्रत्येकी अडीचशे.

म्हणजे काहीही न करता, नुसतं तोंड उघडून, अडीचशे रुपये. ही गोष्ट आजवर कुणाच्या लक्षात कशी आली नाही?

बुधवार, ११ जून.

हिशेब केला. दर महिन्याला उचलणारा एक जण वाढतो, म्हणजे वाटेकरी एक कमी होतो. म्हणजे माझा वाटा वाढतच जाणार. मार्चमध्ये तर मी एकटाच उरेन. मग बोलीच नाही, अठराच्या अठरा हजार माझे.

आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, समोरचा थांबला तर? मी म्हटलं, गरजवंत थांबत नाही. ती म्हणाली, हे तू मला सांगतोस?

गुरुवार, १० जुलै.

सकाळी गटाचा हप्ता दिला. अठ्ठाविसावा. एकही चुकलेला नाही. आई प्रत्येक हप्त्याला कार्डावरची सही बघून येते.

संध्याकाळी बीसी. आज धाकलूला पैसे हवे होते. तो बारवीकडच्या पाड्यावरचा, धुलाईच्या युनिटला कामाला आहे. पावसात घराचे पत्रे उडालेत. तो दोन हजारांवर थांबणार होता, मी त्याला बत्तीसशेपर्यंत नेलं. मला वाटा चारशे.

घरी येताना थोडं कसंतरी वाटलं. मग विचार केला की बाजार हा असाच असतो. शिवाय निघताना मी धाकलूला चहा पाजला. दहा रुपये. निव्वळ नफा ३९०.

गुरुवार, ७ ऑगस्ट.

बत्तिसावा हप्ता वेळेत. सहा राहिले. आईने दुपारी दाराजवळचा कोपरा वितीने मोजला. घरघंटी बसते, फक्त दार पूर्ण उघडणार नाही. मी म्हटलं, दार अर्धंच उघडूया. बऱ्याच दिवसांनी हसली.

कारखान्यात समजलं की राजेश मास्तरला सणाआधी ओव्हरलॉक मशीन घ्यायची आहे. रविवारची बीसी तो काही झालं तरी सोडणार नाही. माझ्या अंदाजाने त्याला सात हजारांपर्यंत नेता येईल. सात भागिले सात, वाटा एक हजार. याला म्हणतात अभ्यास.

रविवार, १० ऑगस्ट. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे त्यात चूक कुठे नाही ते दिसेल.

मास्तरने तीन हजारांनी सुरुवात केली. मी एकतीसशे. बाकीचे लगेच गळाले. आम्ही दोघंच शंभर-शंभरने वर जात होतो. मास्तरला घाम फुटला होता. मला आतून शांत वाटत होतं. मास्तर बासष्टशे म्हणाला. मी त्रेसष्टशे म्हटलं.

तेवढ्यात मास्तरचा फोन वाजला. कुळगावहून त्याचा मेहुणा. मास्तर नुसता हं, हं करत होता. फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "माझं काम झालं. मेहुणा त्याचीच मशीन देतोय वापरायला. घे तू, प्रज्वल. तुला जास्त नड दिसते."

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही नीट विचार करा. मास्तर म्हणाला, केला. मी म्हटलं, मेहुण्याची मशीन जुनी असेल. मास्तर म्हणाला, बायकोचा भाऊ आहे रे, काय बोलणार.

जितेशने मोजायला सुरुवात केली. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की माझी बोली ही खरी बोली नव्हती, ती एक पद्धत होती. जितेश म्हणाला, "साईं, पद्धत तेरी, गल्ला बी तेरा. बोली म्हणजे बोली."

अठरा हजारांतले सहा हजार तीनशे सोडून ११,७०० हातात आले. राहिलेल्या सात जणांना नऊशे-नऊशे मिळाले. एवढा वाटा आजपर्यंत कधी निघाला नव्हता. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवला. इस्त्रीवाला आणि धाकलू यांनी आधीच उचललेलं, त्यांना काही मिळालं नाही. तरी त्यांनीच टाळ्या जास्त वाजवल्या. जाताना धाकलूने मला चहा पाजला.

सोमवार, ११ ऑगस्ट.

शांतपणे विचार केला. हातात एकरकमी ११,७०० आले आहेत. इतकी रक्कम माझ्याकडे याआधी कधीच नव्हती. म्हणजे हा तोटा नसून भांडवल आहे.

व्हिडिओतले सर सांगतात की सगळ्यांत लहान कर्ज आधी संपवा, त्याने आत्मविश्वास येतो. अ‍ॅपच्या कर्जाचे सात हप्ते, ८,२६० राहिले होते. एकदम भरले तर ८,१००. भरून टाकले. १६० रुपये वाचले.

आत्मविश्वास आला.

आई म्हणाली, गुरुवारचे चार-पाच हप्ते बाजूला काढून ठेवायचे होते ना. मी तिला सांगितलं की गटाला घाई नाही, ते आठवड्याने आठवड्याने घेतात. अ‍ॅपचं तसं नसतं.

शनिवार, १६ ऑगस्ट.

स्कूटरचं इंजिन. २,८५०. हा खर्च नसून मालमत्तेची देखभाल आहे.

शुक्रवार, ५ सप्टेंबर.

शेठने सांगितलं की दिल्लीच्या पार्टीचे पैसे अडकलेत, पगार पंधरा तारखेला. सगळे शेठला बोलले. मी बोललो नाही. अनुभवी माणूस अशा वेळी आपले कागद तपासतो.

तपासले. खात्यात ३१२ रुपये. फोनचा हप्ता आज कापला जायचा होता तो परत गेला. दंड ५९०.

रविवार, ७ सप्टेंबर.

फोनच्या कंपनीकडून वसुलीचे कॉल. कालपासून चौदा. दर वेळी नवीन नंबर. एक ताई हिंदीत बोलतात, आवाज चांगला आहे, पण प्रश्न तेच.

नियम क्रमांक सात: अनोळखी नंबर उचलायचा नाही. काहीही झालं तरी नाही. मन स्थिर राहतं.

बुधवार, १० सप्टेंबर. संध्याकाळी.

बीसीसाठी रोख बाजूला ठेवलेले दीड हजार भरले. मला वाटा शून्य, कारण मी उचललेली आहे. हा नियम मला तोंडपाठ होता. नव्या माणसांना मीच समजावून सांगायचो. फक्त आतापर्यंत तो माझ्या बाजूने वाचला होता.

जवळ चारशे राहिले. उद्या गटाचे ९५०, सदतिसावा गुरुवार. आईचे पैसे भाड्यात गेले. बीसी थांबवता आली असती का? नाही. तिथे बारा पुरुष बसलेले असतात, एकदा शब्द गेला की गेला. गटात सगळ्या ओळखीच्या. माधवीकाकूंच्या तर घरीच बैठक असते. समजून घेतील.

गुरुवार, ११ सप्टेंबर. सकाळी ९.

आईला पाकिटात चारशे दिले. वर "आंशिक भरणा" असं लिहिलं. सांगितलं, उरलेले साडेपाचशे मी दुपारपर्यंत शेठकडून उचल घेऊन पाठवतो. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. तिच्या मोबाइलमध्ये बॅलन्स नाही, म्हणून काही लागलं तर फोन कर असंही म्हटलं नाही. उगाच काळजी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.

शेठ दुपारी आलाच नाही. कल्याणला गेला होता. मी साडेचारपर्यंत वाट बघितली.

मधल्या वेळात नऊ कॉल आले. सगळे अनोळखी नंबर. नियम पाळला. एकही उचलला नाही.

घरी आलो तेव्हा समजलं की त्यांतले सहा आईचे होते. दोन माधवीकाकूंच्या फोनवरून, एक गटातल्याच सखूकाकूंच्या आणि तीन हप्ते गोळा करायला येणाऱ्या गटाच्या सरांच्या.

गटाची पद्धत अशी की पूर्ण रक्कम जमेपर्यंत कुणी उठायचं नाही. बारा वाजता बैठक बसली. साडेतीनपर्यंत बारा बायका माधवीकाकूंच्या खोलीत बसून होत्या. दोघींची दुपारची कामं बुडाली. शेवटी बाकीच्या अकरा जणींनी पन्नास-पन्नास काढले, साडेपाचशे झाले. सरांनी पैसे घेतले आणि आईच्या कार्डावर "उशीर" असं लिहिलं. लाल पेनने.

मी आईला समजावलं की नियम सात चुकीचा नव्हता, परिस्थिती अपवादात्मक होती. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सखूची राजसी शाळेतून येऊन अडीच तास बंद दाराशी बसली होती. भुकेली. तिला जाऊन सांग, आंशिक भरणा काय असतो ते."

गेलो होतो. राजसी तिसरीत आहे. तिला चिक्की दिली. दहा रुपये. म्हणाली, दादा, तुझा फोन हरवलाय का?

सोमवार, १५ सप्टेंबर.

पगार झाला. अकरा जणींचे साडेपाचशे सकाळीच घरोघरी जाऊन परत केले. प्रत्येकीला सांगितलं की असं पुन्हा होणार नाही. सखूकाकू म्हणाल्या, पन्नास रुपयांचं काही नाही रे, पण तुझी आई तीन तास खाली मान घालून बसली होती. ते नको करू.

फोनचा हप्ता भरला. दंड राहिला.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

अडतिसावा गुरुवार. हप्ता सकाळी साडेसातलाच आईच्या हातात दिला, पाकिटाशिवाय. तिने मोजून घेतला. याआधी मोजत नसे.

गटाच्या सरांनी सांगितलं की लाल शेरा असेल तर नवीन टप्पा सहा महिने पुढे. गटातून या वेळी एकीलाच मिळणार होता. तो माधवीकाकूंना मिळाला. आई आधी माधवीकाकूंचं अभिनंदन करून आली आणि मग घरी आली.

मी सांगितलं, सहा महिने म्हणजे मार्च. मार्च म्हणजे काहीच नाही.

माझं हेल्मेट कट्ट्यावर होतं, ते उचलून तिने दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवलं.

रविवार, २१ सप्टेंबर.

मोठा निर्णय. स्कूटर विकून घरघंटी. बदलापूरच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणाला सात हजार. मी ती सदतीस हजारांना घेतली आहे, शिवाय इंजिनचे २,८५०. त्याला स्पष्ट सांगितलं, तोट्यात व्यवहार करणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

परत येताना स्कूटर वाटेत बंद पडली. टेम्पोने आणली. ४५०.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

माधवीकाकूंकडे घरघंटी आली. पांढरी, समोर काचेची खिडकी. काकूंनी टॉवरच्या बायकांना पीठ द्यायचं ठरवलं आहे. कल्पना आईनेच त्यांना सांगितली होती, मागच्या वर्षी.

पूजेला सगळा गट होता. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पहिलं दळण कुणी टाकायचं यावर थोडा वेळ हो-नाही झालं. मग माधवीकाकूंनी आईचा हात धरून तिला पुढे केलं. आईने गहू टाकले, बटण दाबलं आणि यंत्र सुरू झालं तशी एक पाऊल मागे सरकली. मी दारात होतो. चपलांमुळे आत जागा नव्हती.

आवाज फार नसतो. मला वाटायचं, खूप असेल.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.

आनंदाची बातमी. माधवीकाकूंनी आईला संध्याकाळी पाच ते आठ घरघंटीवर बसायला सांगितलं आहे. महिना दोन हजार. म्हणजे भांडवल न गुंतवता, हप्ता न भरता, दुरुस्तीची जबाबदारी न घेता उत्पन्न. आईला म्हटलं, एका अर्थी हे स्वतःच्या घरघंटीपेक्षा बरं आहे.

ती म्हणाली, जेवून घे.

रविवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटे.

आईने जाताना सांगितलं होतं की घरातलं पीठ संपलंय, डब्यातले गहू घेऊन ये. पाच किलो. पायी घेऊन गेलो. माधवीकाकूंकडे टॉवरच्या तीन मॅडम रांगेत होत्या. मीही रांगेत उभा राहिलो. ओळखीचा गैरफायदा घ्यायचा नाही.

आईच्या केसांवर, भुवयांवर पीठ. हात भराभर चालत होते. एका मॅडमला सांगत होती की ज्वारी आधी उन्हात ठेवा, मग आणा. इतकं बोलताना मी तिला घरी बघितलेलं नाही.

माझा नंबर आला. तिने डबा घेतला, दळून दिला, वरचं पीठ हाताने सारखं केलं. मग बाकीच्यांना सांगते तसंच मला सांगितलं, "पाच किलो. चाळीस रुपये."

खिसा बघितला. परवा बीसी भरली. अकरा रुपये होते. मी हळूच म्हटलं, उद्या देतो.

आई माधवीकाकूंकडे वळली आणि सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "लिहून ठेवा. प्रज्वल, चाळीस. उधार."

काकू म्हणाल्या, अगं, तुझाच मुलगा, राहू दे. आई म्हणाली, म्हणूनच लिहा.

घरी येऊन हिशेबाला बसलो आहे. जूनमध्ये देणं ५३,३९४ होतं. आता निम्म्याहूनही कमी. पाच महिन्यांत एवढी प्रगती फार थोड्या लोकांना जमते. व्हिडिओतल्या सरांना कळवायला हवं.

आजचा खर्च: शून्य.

देणं:
गट, नऊ हप्ते: ८,५५०.
फोन, चार हप्ते: ६,६६४. दंड: ५९०.
बीसी, पाच महिने (ही आता कर्जातच धरली): ७,५००.
माधवीकाकू, दळण: ४०.
एकूण २३,३४४.

बेरीज दोनदा तपासली, बरोबर आहे. एक नोंद राहिली होती, ती खाली घेतो.

आई: घरघंटी, नग एक. किंमत कधी विचारली नाही. विचारून लिहायची.